तुम्ही विचारलंत म्हणून: विमानतळाचे जुने फोटो

“दादा, तुमच्याकडे विमानतळाचे जुने फोटो असतील ना?” पनवेलला फोटो स्टुडिओ आहे म्हटल्यावर हे विचारलं जाणारच. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली, तेव्हापासून तर जरा जास्तच.

आहेत की. पण ते लग्नाचे आहेत.

उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली... विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांतल्या कितीतरी हळदी-लग्नांना मी कॅमेरा घेऊन उभा राहिलोय. रोलचा जमाना. एकेक फ्रेम जपून वापरायची. डोंगराच्या फोटोचे पैसे कोण देणार? त्यामुळे उलव्याचा डोंगर माझ्याकडे आहे तो कायम कुणाच्या तरी डोक्यामागे. एका फोटोत लग्नाच्या सकाळी धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई, धवला गातेय, तोंड अर्धं उघडं. शेजारी नवरी, कोपरापर्यंत पिवळी. मांडवाच्या झालरीखालून भाताची खाचरं, बांध आणि मागे डोंगराचा पायथा दिसतो. माथा मी कापलाय. नवरीचा चेहरा महत्त्वाचा होता.

तो डोंगर नव्वदएक मीटर उंच. सुरुंग लावून फोडला, त्याच्याच दगडानं खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदलीची जमीन, भरून वर उचलली. उलवे नदीही वळवली. त्यामुळे हा फोटो नेमका कुठे उभं राहून काढला, ते आज मलाही दाखवता येणार नाही. खुणेला धरावं असं काही उरलेलंच नाही.

“तिथे होतं काय, नुसती दलदल,” असं बोलणारे भेटतात. त्यांनी खाडीतला जिताडा मासा खाल्लेला नसावा.

गावं उठल्यावर वडघर, वहाळकडे राहायला गेलेली माणसं मात्र डोंगराचं विचारत नाहीत. “आमचं दार आलंय का बघा ना, ओटीसकट,” म्हणतात. मग निगेटिव्हची पाकिटं काढायची. खाडीकाठच्या दमट हवेनं निम्म्यांवर बुरशी धरलीय. दाराची कड, ओटीवरचं मडकं, जे सापडेल ते स्कॅन करून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

भिंतीवर लावायला ‘आधी आणि आता’ म्हणून मोठे प्रिंट मागणाऱ्यांना मात्र सरळ नाही म्हणतो. डोंगर तेवढा कापून द्या, असंही एकानं सुचवलं. अहो, त्यात लोकांच्या लेकी-सुना आहेत. आधी त्यांना विचारून या.