खडकावरची वाटणी

कोकणात हातभर जमिनीवरून भावाभावांत दावे चालतात. पुळण संपून खडक सुरू होतो तिथली वाटणी मात्र बघण्यासारखी आहे. मालवणकडे उधाणाची भरती-ओहोटी दोन-अडीच मीटरांची, आणि तेवढ्यात शंख-शिंपल्यांची किती कुळं!

सगळ्यात वर, जिथे लाट क्वचितच पोचते, नुसते तुषार येतात, तिथे वाटाण्याहून लहान करड्या शंखगोगलगायी. ऊन तापलं की तोंडावर चकती ओढून घेतात, म्हणजे आतला ओलावा टिकतो. त्यांच्याखाली गोलसर, पट्टेरी नेराइट जातीचे शंख, दिवसा भेगांत दडलेले. मग कालवं. कालव एकदा चिकटलं की जन्माचं तिथलंच. पार खाली, पाणी जेमतेम हटतं तिथे हिरवे शिनाणे म्हणजे हिरव्या कवचाचे शिंपले, आणि दगडांच्या पोटाशी कवड्या.

ढोबळमानाने वरची हद्द ऊन ठरवतं, खालची शेजारी. शिनाणा वर सरकला तर सुकून मरेल. कालव खाली चिकटलं तर शिंपला पोखरून आतलं मांस खाणारे शंख टपलेलेच असतात. म्हणजे इथेही तंटे आहेतच, फक्त तारखा पडत नाहीत.

वाळूतही तेच. काही शिंपल्यांना नेमकं गोल, कडेला उतरतं भोक असतं. वाळूखालून सरकणारा चंद्रशंख आम्ल सोडून आणि जिभेच्या दातांनी खरवडून ते पाडतो. पोरं माळेसाठी नेमके तेच शिंपले वेचतात. आयतं भोक मिळतं ना!

कालवं फोडायला, तिसऱ्या (खायचे छोटे शिंपले) काढायला जाणाऱ्या बायकांना ही हद्द तोंडपाठ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब जातं, तेव्हाच खालचे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, जाऊन हाती फारसं लागत नाही. जातींच्या याद्या करणाऱ्या अभ्यासकालाही शेवटी याच तिथ्या पाळाव्या लागतात, हे मला फार आवडतं.

माणसाने समुद्रात काही बांधलं की कालवं तिथेही हजर. जेट्टीच्या सिमेंटच्या खांबांवर बघा, पट्टा साधारण त्याच उंचीवर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी ताटकळताना मी हल्ली त्या पट्ट्यावरून भरतीला अजून किती अवकाश आहे याचा अंदाज बांधत असतो. होडीवाल्याला विचारलं तर तो नुसतं म्हणतो, "येतंय पाणी."