रकान्यात शून्य लिहा

पदकं पाहायला मिळाली शेवटी, पण डोकं अजून शांत झालेलं नाही.

प्रबंधासाठी मला फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीतल्या घटनांवर पाडलेली पदकं प्रत्यक्ष हातात घ्यायची होती. युरोपातल्या एका संग्रहाला ईमेल केला, गाईडचं पत्र जोडलं आणि लगेच फॉर्म आला. त्यात प्रत्येक पदकाचा नोंदणी क्रमांक सक्तीचा. क्रमांक कुठे मिळणार? त्यांच्या कार्डांच्या कपाटात. कपाट कधी बघता येणार? भेटीची वेळ मिळाल्यावर. आणि वेळ? फॉर्म पूर्ण भरल्यावर! सात आठवडे हाच घोळ. लुईच्या विद्वानांनी १७०२ साली २८६ पदकांचं जाडजूड पुस्तक काढलं होतं. त्यातल्या चित्रांसकट यादी पाठवली. उत्तर एका ओळीचं: हे आमचे क्रमांक नाहीत. शेवटी फोनवरच्या एका बाई म्हणाल्या, "रकान्यात शून्य लिहा, वर्णन शेऱ्यात द्या." दोन दिवसांत मंजुरी! तेव्हा ईमेलवर विसंबू नका, पहिल्याच आठवड्यात फोन करा.

पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या.

ज्यासाठी एवढं केलं ते पदक १६८५चं. लुईने नांतचा फर्मान रद्द करून प्रॉटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, त्याचा हा गौरव. वर लॅटिनमध्ये कोरलंय, 'वीस वेळा शंभर हजार' कॅल्व्हिनपंथी, म्हणजे हेच प्रॉटेस्टंट, (कॅथलिक) चर्चमध्ये परत आणले. आपल्याला आकडा मोडावाही लागत नाही, सरळ वीस लाख! सगळ्या फ्रान्समध्ये ते दहा लाखही नव्हते, आणि लाखाच्या वर तर देश सोडून पळाले. पण धातूवर कोरलेल्या आकड्याशी वाद कोण घालणार? लुईचा मंत्री कोल्बेअर याने १६६३ साली छोटी अकादमी नेमली, ती राजाच्या कीर्तीला असे लॅटिन शब्द पुरवायलाच.

हो, एक राहिलंच. पदकाची कड आधी बघा. पॅरिसच्या टांकसाळीने जुन्या ठशांवरून नंतरही पदकं पाडली, त्यांच्या कडेवर धातूचं नाव आणि एखादं चिन्ह असतं. १६७२ साली फौज ऱ्हाईन ओलांडून गेली, त्याचं पदक मी अर्धा तास भक्तिभावाने न्याहाळलं, मग कड फिरवली. तिथे मधमाशी. म्हणजे १८६० नंतरचं! मूळ पदक दुसऱ्या ट्रेमध्ये होतं.

त्या ट्रेसाठी वेगळा फॉर्म. रकाना दिसताच शून्य लिहून टाकलं.