शेपटी कंपनीची, टकली आपली

बुधवार, रात्री साडेदहा

आज शेवंडीचा, म्हणजे लॉबस्टरचा, पहिला प्रयोग बिघडला. लिहून ठेवते, म्हणजे रविवारी बाबांसाठी करताना तीच चूक होणार नाही.

बाबांना अल्सर निघाल्याला आता चार महिने झाले. तिखट बंद, कोकम बंद, चिंच बंद. पेज, मऊ भात, दुधी, ताक. साठ वर्षं दर्यावर काढलेला माणूस ताटातल्या दुधीकडे बघतो आणि काही न बोलता खातो, ते मला बघवत नाही. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, मासे कसे देऊ? म्हणाले, तळण नको, मसाला नको, थोडं लोणी चालेल. दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच पदार्थ फिरत होता. इथे मालवणपासून तारकर्लीपर्यंत पर्यटकांच्या प्रत्येक खाणावळीच्या फळ्यावर असतो तो. ‘लॉबस्टर बटर गार्लिक’. लोणी, लसूण आणि शेवंड. तिखटाचा कण नाही.

आणि बाबांनी तो कधी खाल्लेला नाही. बटर गार्लिकचं सोडा, त्यांनी शेवंडीची शेपटीच धड खाल्लेली नाही.

हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर पटत नाही. मालवणात जन्मलेला, वयाच्या चौदाव्या वर्षापासून होडीवर असलेला माणूस, खडपाच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या, कडेला जाळी लावून शेवंडी काढणारा, आणि शेपटी खाल्ली नाही? पण आमच्याकडे तसंच होतं. त्या काळी परदेशात जायच्या त्या गोठवलेल्या शेपट्या. गाडीवाला यायचा, शेपटी मोडून वजन करून घेऊन जायचा, डोकी आमच्याकडे राहायची. आई त्या डोक्यांचं कालवण करायची. पायातला मांसाचा दोरा दातांनी ओढून काढायचा, डोक्यातला पिवळा गर भातात कालवायचा. आम्ही भावंडं त्यावर भांडायचो. पुढे जिवंत शेवंडीला भाव आला तेव्हा तर डोकीही गेली. ओल्या गोणपाटात गुंडाळून अख्खी शेवंड जायची, आणि मिशी मोडली असेल तर भाव पडायचा, म्हणून बाबा जाळ्यातून ती सोडवताना लहान मूल उचलल्यासारखी उचलायचे. पाय तुटलेली, मेलेली एखादी घरी यायची; तीही कुणी पाहुणा असला तर त्याच्या ताटात.

बाबांचं एक वाक्य होतं, आम्ही शेपटीचा हट्ट धरला की म्हणायचे, “शेपटी कंपनीची, टकली आपली.” टकली म्हणजे डोकी. त्यात रडगाणं नव्हतं. वाटणी सांगावी तसं सांगायचे.

तर आजचा प्रयोग. गोठवलेली शेपटी आणली होती, मोठ्या दुकानातून. घाईत पाण्यात टाकून सोडवली. ओटीजीत वरच्या कॉइलखाली दहा मिनिटं ठेवली, आणि वरून लसणीचं लोणी ओतलं. लसूण काळी झाली, मांस रबरासारखं, कडेला कोरडं. त्याआधी पाकीट उघडल्यावर नाकाला एक झिणझिणी आली होती, तेव्हाच थांबायला हवं होतं. शेवंड मेल्यावर तिच्या डोक्याच्या बाजूचे पाचक रस शेपटीच्या मांसात उतरायला लागतात आणि मांस पिठूळ होतं. वास येतो तो त्याच्या पुढचा. बाबांच्या ताटात हे जाणार नाही. जिवंतच आणायची.


शुक्रवार, दुपार

सकाळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर बाबांना घेऊन गेले. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. सदरा बदलून दारात उभे होते.

एका टबात पाच-सहा शेवंडी होत्या. हिरवट तपकिरी, पाठीवर काटे, अंगापेक्षा लांब मिशा. आमच्या शेवंडीला चित्रातल्या लॉबस्टरसारखे नांगे नसतात, तिचं सगळं खाणं शेपटीत. पण तीही अख्ख्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच. सहाशे ग्रॅमची शेवंड घेतली की हातात दोनशे ग्रॅम मांस येतं. मी सगळ्यात मोठी उचलली. तिने मिशा हलवल्या आणि मिशांच्या बुडाशी घासून तो आवाज काढला, कर्र, कर्र, ओलं दार उघडल्यासारखा. लहानपणी रात्री ओसरीवरच्या गोणपाटातून यायचा तो. मी तो विसरले होते.

बाबा म्हणाले, “उलटी करून बघ गो. पोटाखाली बघ आधी.”

उलटी केली. शेपटीच्या खालच्या पाकळ्यांना अंडी चिकटली होती, खसखशीच्या दाण्याएवढी, नारिंगी, द्राक्षाच्या घडासारखी लगडलेली. एका शेवंडीला ती लाखांत असतात. मादी ती काही आठवडे पोटाखाली वागवते, पाकळ्या हलवून त्यांना पाणी देत राहते. मग त्यातून निघतं ते पिल्लू शेवंडीसारखं दिसतही नाही. काचेच्या पानासारखं चपटं, आरपार, आणि कित्येक महिने समुद्रात नुसतं वाहत असतं. त्यातलं एखादंच खडपापर्यंत पोचतं.

“ती घेव नको. अंड्यांची आसा.”

विकणारी म्हणाली, अंडी खरवडून देते, वजनात धरत नाही. बाबांनी मान हलवली. पूर्वी ते स्वतःही गाडीवाल्यासाठी खरवडायचे, घरी येताना मला सांगितलं त्यांनी. पैसे कमी मिळायचे अंड्यांसकट, म्हणून पितळी ब्रशने काढायचे. “किती काढली आसतील,” एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प चालत राहिले. मी काही बोलले नाही. काय बोलणार, त्याच पैशांवर आमच्या वह्या आल्या होत्या.

मला मात्र वाटतं, हे माहीत असताना अंड्यांची शेवंड घेणं आपल्याला शोभत नाही. मुंबईच्या समुद्रात चपट्या डोक्याची एक शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर मिळायची. नव्वदच्या दशकात तिची मासेमारी कोसळली ती कोसळलीच. परदेशी पाठवायच्या शेवंडीला सरकारने 2003 मध्ये वजनाची खालची मर्यादा घातली, जातीप्रमाणे 150 पासून 500 ग्रॅमपर्यंत. किनाऱ्यावर आपल्या ताटासाठी घेताना कोण वजन बघतो? निदान उलटी करून तरी बघावी.

दुसऱ्या दोन पक्क्या करून आलो, पोट स्वच्छ असलेल्या. त्या रविवारी सकाळीच जिवंत देणार आहे ती.


रविवार, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहिते, घाईत काही सुटायला नको.

सकाळी शेवंडी आणल्या आणि भरपूर बर्फात अर्धा तास ठेवल्या. आपल्या उबदार पाण्यातला जीव, गारठ्यात सुस्त होतो, मिशासुद्धा हलत नाहीत. मग पुढचं काम बाबांनी केलं. सुरी डोळ्यांच्या मधोमध, एकदाच. नंतर एका हाताने डोकं, दुसऱ्या हाताने शेपटी, एक पीळ. हात आता थरथरतात त्यांचे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. त्या पिळात थरथर नव्हती.

मग त्यांनी मिशीचा वीतभर तुकडा मोडला आणि जाड टोकाकडून शेपटीच्या शेवटच्या भोकात सरकवला, जरा फिरवला आणि ओढला. मिशीवरच्या बारीक काट्यांना अडकून आतली काळी शीर अख्खी बाहेर आली. मी कात्रीने पाठ कापून ती टोकरत बसणार होते.

शेपट्या मोठ्या सुरीने उभ्या चिरल्या, कवचासकट, चार फाळी. मांस काचेसारखं, करडट पांढरं. धुतलं नाही, नुसतं पुसून घेतलं. पाणी राहिलं तर तव्यावर ते भाजत नाही, शिजत बसतं.

लोणी घरचं. चार दिवसांची साय विरजून काढलेलं, तीन पाण्यांनी धुतलेलं. विकतच्या बटरमध्ये मीठ असतं आणि शेवंडीच्या अंगातही असतं, दोन्ही मिळून बाबांना जास्त झालं असतं. गावठी लसूण बारा पाकळ्या, ठेचून नाही, बारीक चिरून. ठेचली की तिखटपणा जास्त सुटतो.

बुधवारी लसणीपाशीही चुकलं होतं. आपला हात फोडणीचा. लसूण तेलात पडली की ती लाल होईपर्यंत थांबायचं, हे आमच्या बोटांत बसलेलं. इथे तसं नाही. लोणी सगळ्यात मंद आचेवर पातळ केलं, फेस येऊन आवाज जरा कमी झाला तेव्हा लसूण टाकली, आणि तिचा कच्चा वास जाऊन गोडूस वास यायला लागला तसं भांडं खाली उतरवलं. रंग पांढराच. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो आणि त्याच्यासोबत लसूणही कडू होते. म्हणून हे लोणी आधी तव्यावर घालायचंच नाही. तव्याला साजूक तूप लावायचं, त्यातला दुधाचा अंश कढवताना आधीच निघून गेलेला असतो, ते मोठ्या आचेला टिकतं. लसणीचं लोणी शेवटी.

ओटीजीला हात लावला नाही. आईचा बिडाचा तवा काढला, ज्यावर आजवर फक्त बांगडे आणि घावणे झाले. चांगला तापवला, तूप लावलं, फाळी मांसाची बाजू खाली करून ठेवल्या. दोन मिनिटं. उलटल्या तेव्हा मांसावर सोनेरी पट्टा आला होता आणि कवचाचा हिरवटपणा कडेपासून आत आत केशरी होत चालला होता. तो केशरी रंग कवचात आधीपासून असतो, एका प्रथिनाने त्याला निळसर करून धरून ठेवलेलं असतं. आच लागली की ती पकड सुटते. मला हे माहीत होतं, तरी बघत राहिले.

आता कवच खाली, म्हणजे कवचाचीच वाटी झाली. आच कमी केली आणि लसणीचं लोणी चमच्याचमच्याने मांसावर सोडत गेले. कवचात साठलेलं परत उचलायचं, परत सोडायचं. मांसाची काचेसारखी झाक गेली, ते दुधासारखं पांढरं झालं, मधोमध फक्त एक बारीक रेघ तेवढी ओलसर दिसत होती.

बाबा मागे येऊन उभे होते. “बस झाला. तवो उतर.”

“अजून मधे कच्चं आहे, बाबा.”

“नाय. उतर.”

उतरवला. ताटात वाढेपर्यंत ती रेघ गेली. बिडाची आणि कवचाची धग तेवढं काम करते. मी आणखी दोन मिनिटं ठेवली असती आणि परत रबर झालं असतं. शेपटी कधी न खाल्लेल्या माणसाला हे कुठून कळलं, विचारलं मी. म्हणाले, होडीवर स्टोव्हवर मोडकी शेवंड भाजायचे कधीतरी, चार खलाशांत एक. वाट्याला बोटभर यायची.

वर थोडी कोथिंबीर. लिंबू आमच्या ताटांत, बाबांच्या नाही. सोबत मऊ भात, कारण लोणी टिपायला काहीतरी हवं आणि पाव त्यांना आवडत नाही.

त्यांच्यासमोर अख्खी शेपटी ठेवली, दोन्ही फाळी. त्यांनी एक फाळ उचलून माझ्या मुलाच्या ताटात ठेवायला घेतली. मी हात धरला. “त्याला आहे वेगळी. ही तुमची.” जरा थांबले. मग काटा नाही, चमचा नाही, बोटांनी मांस कवचातून सोडवलं. ते एका तुकड्यात सुटून आलं. त्यांनी ते तोडलं नाही, तसंच हातात धरून टोकाकडून खाल्लं. लोणी मनगटापर्यंत ओघळलं. डोळे मिटून चावत होते, सावकाश, कवळी नीट बसत नाही म्हणून एका बाजूने.

“बरा लागता,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “गोड आसा.”

आई असती तर तिला वरून चार तिरफळं हवी होती, हे आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

दुसरी फाळ अर्धी झाल्यावर थांबले. मला वाटलं पोट दुखतंय. पण ते ओट्याकडे बघत होते.

“टकली खंय ठेवलंस?”

फ्रिजमध्ये, धुऊन, झाकून. टाकणार थोडीच होते. मी म्हटलं, उद्या तुम्हाला नुसतं हळदीचं पाणी लावून सार करते.

“उद्या सोमवार,” ते म्हणाले. “आजच रांध. मिरसांग एकच घाल.”

शुक्रवारीच दवाखान्यात फोन केला होता. आता अगदी नावाला तिखट सुरू करून बघा म्हणाले आहेत. तेव्हा एक बेडगी, बिया काढून. अर्धी वाटी ओलं खोबरं, थोडे धणे, हळद, कांदा. कोकम नाही. वाटप झालंय, डोकी उभी चिरून टोपात टाकली आहेत, आणि बाबा स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसले आहेत. उकळी आली की हाक मारणार आहेत मला.