आठ डेसिबल

माझ्याच हातून मास्टर झालेली, म्हणजे प्रकाशनाआधीचा शेवटचा हात फिरलेली, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल घेऊन एक निर्माते स्टुडिओत आले आणि याच गाण्याची जुनी सीडी हिच्यापेक्षा चांगली का वाजते, असे त्यांनी विचारले. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे कागदावर तरी कमी प्रतीची. त्यामुळे रूपांतरात काही बिघडले असावे, असा त्यांचा कयास होता.

दोन्ही एकापाठोपाठ लावल्यावर आधी नवीच सरस वाटली, कारण मोठा आवाज कानाला लगेच पटतो. मीटरवर जुनी उणे १६ एलयूएफएस भरली, नवी उणे ८; एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. नवी आठ डेसिबलने खाली आणून दोन्हींची पातळी सारखी केली, तेव्हा तक्रार कानांना पटली. दुसऱ्या कडव्याआधी स्नेअर ड्रमचा एकच ठोका आहे. सीडीत तो टणकन उसळतो आणि त्यामागून खोलीची आस सावकाश विरत जाते. नव्या फाइलमध्ये ठोक्याचे टोक लिमिटरने, म्हणजे ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणाऱ्या साधनाने, दाबले होते आणि तो ओसरताच मागची आस फुगून वर येत होती. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरचा आवाजाचा आलेख, तर विटेसारखी दिसत होती.

निर्मात्यांचा संशय तरीही फॉरमॅटवरच होता. म्हणून नवी फाइल डिदर (बिट कमी करताना होणारी विकृती झाकणारा अगदी बारीक गोंगाट) लावून १६ बिट, ४४.१ मध्ये उतरवली आणि कोणती कोणती हे न सांगता दोन्ही दहा वेळा ऐकवल्या; त्यांनी पाच वेळा बरोबर ओळखले, म्हणजे छापाकाटा करूनही तेवढेच जमले असते. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मिळतो आणि मी त्यातला जेमतेम कोपरा वापरला होता.

‘अजून थोडे चढवा’ असे मास्टर करताना त्यांनीच तीनदा सांगितले होते, पण लिमिटर ढकलणारा हात माझाच होता. शिवाय त्या चढवण्याचा उपयोगही नव्हता, कारण स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणते, म्हणजे आमची फाइल तिथे सहा डेसिबलने खालीच उतरत होती.

सुदैवाने लिमिटरशिवायचे मूळ मिक्स जपलेले होते. त्यावरून उणे १४ चा मास्टर केला आणि एएसी या आकुंचित फॉरमॅटमध्ये एन्कोड होताना शिखरे वर जाऊन फाटू नयेत म्हणून ट्रू पीक, म्हणजे लहरीचे खरे सर्वोच्च टोक, उणे १ डेसिबलवर रोखला. तो ऐकताना निर्मात्यांनी काही न बोलता स्वतःच हात पुढे केला आणि व्हॉल्यूमचा नॉब वर फिरवला.