रंगाखालचा नंबर

बारा वर्षं झाली, जुन्या लढाऊ विमानांचे फोटो काढतोय आणि त्यातली निम्मी कामं तरी म्युझियमची असतात. सगळ्यांना वाटतं उडणारं विमान टिपणं अवघड. जेट असेल तर शटर १/१००० ला ठेवा, फोकस सोडू नका, जमून जातं. पंख्याचं विमान असेल तर शटर १/१६० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली आणावं लागतं, नाहीतर पंखा थिजलेला दिसतो आणि विमान दोरीने टांगल्यासारखं वाटतं, तिथे हाताचा कस लागतो हे खरं. पण हँगरमध्ये गप्प उभं असलेलं विमान मला जास्त छळतं. वर तीन प्रकारचे दिवे, प्रत्येकाचा रंग वेगळा, मागे हटायला जागा नाही, आणि वाइड लेन्स लावली की नाक फुगतं आणि शेपटी खेळण्यातली वाटते. म्हणून मी ८५ ची लेन्स लावून तुकड्या-तुकड्याने फ्रेम घेतो आणि नंतर जोडतो, एका बाजूला चाळीस-पन्नास फ्रेम सहज होतात. उन्हात उभं असेल तर आणखी एक, कॅनोपीवरची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरची, चमक मारायला पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावाल तर अ‍ॅक्रिलिकमधले ताण इंद्रधनुष्यासारखे उमटतात, ते नंतर काही केल्या जात नाहीत.

तर काम होतं एका हॉकर हंटरचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश लढाऊ जेटचं. सिडनी कॅमचं डिझाइन, पहिलं उड्डाण २० जुलै १९५१, एकूण १९७२ बनली. माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात देखणं जेट, कुठल्याही कोनातून बघा, रेघ कुठे तुटत नाही. हनुवटीखाली दोन फुगवटे दिसतात ना, ते शोभेचे नाहीत, चार ३० मिलिमीटर तोफा चालताना गोळ्यांच्या पट्ट्यांचे सुटे दुवे बाहेर उडून विमानाच्याच अंगावर आपटायचे, ते गोळा करायला बसवलेत.

विमान पुन्हा रंगवायचं होतं आणि त्याआधी आहे तशी नोंद हवी होती. प्रत्येक पॅनेल, प्रत्येक स्टेन्सिल (पत्र्यावर छापलेल्या सूचना), सोबत रंगपट्टी आणि मोजपट्टी. म्युझियमची सुट्टी होती, मी सकाळी सातला आत. आधीच्या कुणीतरी ते चकचकीत इनॅमलने रोलर फिरवून रंगवलेलं होतं, रिव्हेट बुजलेल्या, इंधनाच्या झाकणाजवळची बारीक अक्षरं तर पूर्ण गिळलेली. असं रंगवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण ती अक्षरं म्हणजे विमानाचं बोलणं असतं, कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही, टायरमध्ये हवा किती. आणि पंखाखाली किल्लीने नावं कोरणारे लोक, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

दुपारनंतर तिरका प्रकाश. हे माझं आवडतं काम. हँगरचे सगळे दिवे बंद करायचे, कॅमेरा पृष्ठभागाच्या अगदी समोर, आणि एकच दिवा बाजूने इतका खाली धरायचा की उजेड पत्र्याला घासत गेला पाहिजे. मग पोचे दिसतात, पत्रा कुठे बदललाय ते दिसतं, रंगाच्या थराची कड केसाएवढी असली तरी तिची सावली पडते. मागच्या धडाच्या डाव्या बाजूला दिवा फिरवत होतो आणि वरच्या नंबराच्या खाली, जरा मागे, एक सरळ कड दिसली. दिवा अजून खाली घेतला. कड वळली. सात. त्याच्या शेजारी एक. वरच्या नंबराचा शेवट चारवर होतो. म्हणजे हा वेगळा नंबर, वेगळ्या आकाराचे आकडे, कुणीतरी त्यावरच रंग चढवलेला.

छातीत धडधडायला लागलं. समोरच्या बोर्डावर त्या विमानाची सगळी कहाणी लिहिलीय, नंबरासकट, आणि इथे पत्रा दुसरंच सांगतोय. मला वाटलं बोर्ड चुकीचा आहे, म्युझियममध्ये इतकी वर्षं दुसरंच विमान उभं आहे.

तिथे एक निवृत्त टेक्निशियन काका मदतीला येतात, आयुष्य जेटवर गेलेलं. त्यांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं, तळहात फिरवला आणि म्हणाले, "अहो, हे शेपटीचं आहे, विमानाचं नाही." हंटरचं इंजिन काढायचं तर मागचं अख्खं धड सोडवून मागे ओढावं लागतं. एक विमान इंजिनासाठी उघडलेलं, दुसऱ्याची शेपटी तयार, सकाळी उड्डाण आहे, मग जी शेपटी हाताशी ती लावायची. पॅनेलांचंही तेच, ते म्हणाले, झाकणं उघडून आत बघा. बघितलं, दोन झाकणांच्या आत हाताने लिहिलेले नंबर, दोन्ही बोर्डाशी न जुळणारे.

म्हणजे बोर्ड खोटा नव्हता, अपुरा होता. पुढचं धड एका विमानाचं, शेपटी दुसऱ्याची, झाकणं आणखी कुणाची, आणि हे सगळं कुणा मेकॅनिकने रात्री उभं राहून केलेलं. मला तर ही कहाणी बोर्डावरच्यापेक्षा मोठी वाटली.

संध्याकाळी कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांना लॅपटॉपवर दाखवलं. पेंटर सकाळी येणार होता, घासायला सुरुवात, कंत्राट झालेलं. ते म्हणाले, "फोटो घेतलाय ना तुम्ही? मग झालं की." मी एकदा म्हटलं, थोडं थांबता येईल का. नाही म्हणाले. मी सामान आवरलं आणि निघालो.

घरी जाताना सुचलं. काम थांबवायची गरजच नव्हती. फक्त एवढं म्हणायचं होतं की एक वीतभर चौकोन घासू नका, सगळे थर तिथे तसेच राहू द्या, बाकी काय हवं ते रंगवा. त्याला कुणी नाही म्हटलं नसतं बहुतेक. नॉर्वेमधल्या होक्लिंगन तळ्यात १९४२ च्या एप्रिलमध्ये उतरलेलं हॅलिफॅक्स बॉम्बर १९७३ ला वर काढलं, लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात, ते अजून तसंच ठेवलंय, गंजलेलं, फाटलेलं. मी त्याची गोष्ट दहा जणांना तरी सांगितली असेल, आणि माझ्या स्वतःच्या कामाच्या दिवशी वीतभर चौकोन मागायचं सुचलं नाही. रात्री फोन करता आला असता, तोही केला नाही, उशीर झालाय म्हणून.

तीन आठवड्यांनी नंतरचे फोटो काढायला गेलो. काम चांगलं झालंय, हे सांगायलाच हवं, रंग मॅट आहे, स्टेन्सिल परत काढलीत, रिव्हेट दिसतायत. काकाही आले होते. आम्ही दिवे बंद केले, त्याच जागी दिवा तेवढाच खाली धरला, मी पुढे सरकवला, मागे सरकवला. सपाट. काकांनी पुन्हा तळहात फिरवला आणि काही बोलले नाहीत.

फाइल देताना त्या फ्रेमच्या नावात मी दोन्ही नंबर लिहिले. म्युझियमकडून निरोप आला की एकच नंबर ठेवा, रजिस्टरमध्ये घोळ होतो. मी कळवलंय की ती शेपटी दुसऱ्या विमानाची आहे, सोबत झाकणांच्या आतले फोटो जोडलेत, काकांनी सांगितलेलं सगळं लिहून दिलंय. अजून उत्तर नाही.