वर्ष वाचलं ना, असं तुम्ही विचारलंत म्हणून

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात फोन सुरू होतात. कुणाची पुतणी, कुणाच्या साडूचा मुलगा, कुणी शेजारी. "पोराला इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला घालावं का?" असं विचारतात, आणि मी उत्तराला सुरुवात करायच्या आत पुढचं वाक्य येतं, "तुझं एक वर्ष वाचलं ना गं? थेट सेकंड इयरला गेलीस."

दहा वर्षं हे ऐकते आहे. आज एकदाच नीट लिहून ठेवते.

वर्ष वाचत नाही. दहावीनंतर डिप्लोमाची तीन आणि, डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात म्हणून, डिग्रीची तीन, झाली सहा. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनीअरिंगची चार, तीही सहाच. माझ्यासोबत दहावी झालेल्या मैत्रिणी आणि मी एकाच उन्हाळ्यात, २०१७ साली, इंजिनीअर झालो. बोटांवर मोजता येणारा हिशेब आहे, पण तो मांडला की समोरचा म्हणतो, "हो, पण सीईटीची कटकट तरी नाही." मग मी गप्प बसते, कारण ते खरं आहे आणि त्यानंतरचं सांगायला फोनवर कुणाला वेळ नसतो.

दहावीला मला ९१ टक्के होते. मराठी माध्यम, बार्शी तालुका. एवढे मार्क असताना लातूरला अकरावी-बारावीला का गेली नाहीस, हा तुमचा तिसरा प्रश्न. आप्पांचा हिशेब साधा होता. तीन वर्षांत पोरीच्या हातात कागद येईल. पुढचं शिकायला पैसे जमले नाहीत तरी चाकणला एखाद्या कंपनीत डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागेल. बारावी सायन्स होऊन पुढचं अडलं तर हातात काहीच नाही. मला आजही या हिशेबात चूक सापडत नाही. सोलापूरला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला घातलं. साठजणांत आम्ही चार मुली.

आणि ती तीन वर्षं चांगली गेली, हेही लिहायलाच हवं, कारण डिप्लोमा म्हटलं की लोकांचा आवाज जरा खाली येतो. लेथवर फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) बरोबर मध्यावर आणायला मी सतराव्या वर्षी शिकले. डायल लावायचा, चक हातानं फिरवायचा, काटा जिकडे जास्त पळतो तिकडचा जॉ आवळायचा आणि समोरचा सैल करायचा. पुढे डिग्रीला मशीन शॉपच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचमधल्या कुणालाच ते जमेना. मी दहा मिनिटांत करून दिलं. त्या दुपारी मला वाटलं होतं, जमेल आपल्याला इथं.

डायरेक्ट सेकंड इयरच्या प्रवेशाच्या फेऱ्या उशिरा होतात. आधी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा निकाल, मग फॉर्म, कागदपत्रांची तपासणी, मग फेऱ्या. माझा नंबर पुण्याजवळच्या एका कॉलेजात लागला आणि मी फी भरून वर्गात गेले तो दिवस २७ ऑगस्ट २०१४. दोन दिवसांवर गणपती होते. वर्ग जूनच्या शेवटी सुरू झालेले. हजेरीपटात सगळ्यांची नावं आडनावाच्या क्रमानं, आणि त्या यादीच्या खाली आम्हा डिप्लोमावाल्यांची जोडलेली. ७२ ते ७९. रोल नंबर पुकारला की कुठून आलो ते सगळ्या वर्गाला कळायचं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस फर्स्ट इयरपासून ठरलेल्या, हॉस्टेलच्या खोल्या ठरलेल्या. कुठल्या सरांच्या सबमिशनला फाइल कशी लावायची, झेरॉक्सवाल्याकडे कुणाच्या नोट्स मागायच्या, पेपरात कुठलं युनिट ऑप्शनला टाकायचं, हे सगळं त्यांनी एका वर्षात गोळा केलेलं होतं. कुणी मुद्दाम लपवत नव्हतं. त्यांना ते माहीत आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, मग ते सांगणार कसे?

आणि एम-थ्री. फर्स्ट इयरला एम-वन आणि एम-टू होतात, सेकंड इयरला तिसरं गणित. आम्ही डिप्लोमाला इंटिग्रेशन केलं होतं, पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स केली होती. डबल आणि ट्रिपल इंटिग्रल एम-टूला असतात, ती आम्ही पाहिलीच नव्हती. सप्टेंबरमध्ये व्हेक्टर सुरू झाले. सरांनी फळ्यावर डायव्हर्जन्स थिअरम लिहिलं, एका बाजूला दोन इंटिग्रलची चिन्हं, दुसऱ्या बाजूला तीन. मी हात वर करून विचारलं, "सर, तीन चिन्हं कशासाठी?" वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "डिप्लोमा?" मी हो म्हटलं. "हे फर्स्ट इयरला झालंय, तेवढं बघून घ्या," म्हणाले आणि पुढे गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही पुढेच गेले असते. सत्तर मुलं, संपवायचा सिलॅबस, आणि प्रश्न विचारणारी मुलगी दोन महिने उशिरा आलेली.

इथपर्यंतचं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय. यापुढचं अर्धंच सांगत आले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली असणाऱ्यांनी पालकांना घेऊन यायचं, हमीपत्र लिहून द्यायचं, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. आम्ही आठही जण यादीत होतो. माझी एकूण हजेरी ४० टक्के, एम-थ्रीला १९.

मी घरी फोन केला. घरी सोयाबीनची मळणी चालू होती, मशीन दोन दिवसांसाठीच मिळालेलं. आप्पांनी चुलत्यांना उभं केलं आणि रात्रीच्या एसटीनं निघाले. शनिवारी पहाटे स्वारगेटला उतरले, तिथून दोन बस बदलून नऊला कॉलेजच्या गेटवर. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत माझ्यासाठी भाकरी आणि शेंगाचटणी. स्टाफरूमबाहेर दीड तास थांबलो. बाकीचे पालक बाकावर बसले होते. आप्पा शेवटपर्यंत उभेच राहिले. मी दोनदा बसा म्हटलं.

आत गेल्यावर क्लास टीचरांनी रजिस्टर समोर सरकवलं आणि आप्पांना विचारलं, "मुलगी कॉलेजला येते का, तुम्ही कधी चौकशी केलीत?" आप्पा म्हणाले, "न्हाई सर." "हॉस्टेलवर ठेवलं म्हणजे जबाबदारी संपली का?" आप्पा पुन्हा म्हणाले, "न्हाई सर." मग हमीपत्राचा छापील कागद. माझी पाल्य वर्गात अनियमित असून यापुढे ती नियमित हजर राहील याची मी हमी देतो. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, सगळा कागद वाचला आणि सही केली. सही करताना त्यांनी डावा हात कागदावर असा दाबून धरला होता, जसा सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर धरतात.

त्या खोलीत एक वाक्य बोलायला हवं होतं. हजेरी टर्मच्या पहिल्या दिवसापासून मोजली होती. एम-थ्रीचे ४८ तास झाले होते, त्यातले २६ माझ्या प्रवेशाच्या आधी. बाकीच्या विषयांचंही असंच. २७ ऑगस्टनंतर एकही तास चुकवला नसता तरी माझी हजेरी ४६ टक्क्यांच्या वर गेली नसती. प्रवेशाची पावती माझ्या सॅकमध्ये होती, तारखेसकट. मी ती काढली नाही.

ही गोष्ट मी अन्यायाची म्हणून सांगत आले, आणि तो अन्याय होताच. ज्या दिवशी मी त्या कॉलेजची विद्यार्थिनीच नव्हते त्या दिवशीची गैरहजेरी माझ्या नावावर लावली आणि तिच्यासाठी माझ्या बापाकडून माफीचा कागद लिहून घेतला. यावर कुणी मला "नियम म्हणजे नियम" म्हणालं तर आजही माझा आवाज चढतो.

पण माझ्या प्रवेशानंतर एम-थ्रीचे २२ तास झाले होते आणि त्यातल्या नऊनाच मी बसले होते. पावती काढली असती तर सरांनी हाच हिशेब केला असता. २२ पैकी ९, म्हणजे ४१ टक्के. तेही आप्पांच्या समोर. फळ्याच्या त्या प्रसंगानंतर मी एम-थ्रीला जाणं जवळजवळ सोडलं होतं. ग्रंथालयात बसून एम-टूचं पुस्तक वाचते, पाया पक्का करते, मग वर्गात जाते, असं मी स्वतःला सांगत होते. त्यातल्या अर्ध्याहून जास्त दिवशी मी ते पुस्तक उघडलंही नव्हतं.

२०१४ मधली मी इथे अडवते. ती म्हणते, तिथं बसून काय करायचं होतं? एकही ओळ कळत नव्हती. बरोबर आहे. पण बाकीच्या सातांपैकी पाचजण बसत होते. त्यांनाही कळत नव्हतं. त्यांच्यातला एक तर रोज संध्याकाळी सरांच्या केबिनबाहेर उभा राहायचा आणि सर त्याला वीस मिनिटं द्यायचे. ती म्हणते, तो मुलगा होता, त्याला हॉस्टेलला परतायच्या वेळेची काळजी नव्हती. हेही बरोबर आहे. आमचं भांडण इथेच थांबतं, दर वेळी.

दुपारी आप्पांना बसला बसवायला गेले. स्वारगेटला उसाचा रस प्यायलो. त्यांनी विचारलं, "जातीस न्हवं गं वर्गात?" मी म्हटलं, "जाते." त्यांनी मान हलवली. गाडी लागली, खिडकीतून त्यांनी शंभराची नोट दिली आणि पिशवी दुमडून मांडीवर ठेवली.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आप्पांनी स्वतःच हिशेब मांडून ठेवला होता, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. "तुझं ॲडमिशनच पोळ्यानंतर झालं. मग आधीची हजेरी तू कुठनं भरणार? मला तिथं सुचलं न्हाई. मी बोलायला पाह्यजे हुतं." त्यांनी ते माझ्याकडे न बघता सांगितलं. आजही एखाद्या लग्नात शिक्षणाचा विषय निघाला की ते ही गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, मी बोलायला पाहिजे होतं, अडाण्यासारखी सही करून आलो. मी शेजारी असते. २२ आणि ९ हे आकडे मी त्यांना कधी सांगितले नाहीत.

पुढचं थोडक्यात. डिसेंबरच्या परीक्षेत एम-थ्री राहिला. उन्हाळ्यात एम-टू पहिल्या पानापासून केलं, त्या रोज केबिनबाहेर उभ्या राहणाऱ्या मुलाकडून, आणि मे महिन्यात एम-थ्री निघाला. थर्ड इयरला बसली घडी. डिग्री फर्स्ट क्लासमध्ये झाली. कॅम्पसच्या फॉर्मवर बारावीच्या टक्क्यांचा रकाना असायचा, तिथं डिप्लोमाचे टक्के लिहायचे की मोकळं सोडायचं हे दर वेळी विचारावं लागायचं. आता चाकणलाच आहे, डिझाइनमध्ये. आप्पांचा हिशेब तीन वर्षं उशिरा का होईना जुळला.

आणखी एक, जे मला फार उशिरा आठवलं. तंत्रनिकेतनात आमच्या दुसऱ्या वर्षाला आयटीआय करून थेट आलेली चार मुलं होती. लेथवर त्यांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी साफ. इंग्रजीत आणि गणितात अडखळायची. आम्ही त्यांना आयटीआयवाले म्हणायचो. त्यातल्या एकानं माझ्याकडे गणिताची वही मागितली होती. मी म्हटलं होतं, अजून पूर्ण झाली नाही. ती पूर्ण होती. डिग्रीला गेल्यावर ज्यांच्यावर मी मनातून चिडत होते त्यांनी माझ्याशी एवढंही वाईट वागलेलं नव्हतं.

तर, डिप्लोमाला घालावं का? मला माहीत नाही. मला विचारू नका असं म्हणत नाही, विचारा, पण हो की नाही एवढंच ऐकायला फोन करू नका. ज्या घरात सहा वर्षांची फी एकदम दिसत नाही, तिथं तीन वर्षांनी हातात येणारा कागद छोटी गोष्ट नाही. आणि ज्या मुलीला अनोळखी वर्गात सगळ्यांसमोर हात वर केल्यावर हसू ऐकावं लागणार आहे, तिला ते आधी कुणी सांगितलेलं नसतं. या दोन्हींतलं जड काय, हे मी माझ्यापुरतंही ठरवू शकलेले नाही.

यंदा माझ्या चुलतभावाची मुलगी डिप्लोमा संपवून डायरेक्ट सेकंड इयरचा फॉर्म भरते आहे. मागच्या रविवारी मी घरी होते तेव्हा तिचा फोन आला. तिला म्हटलं, आत्तापासूनच कुणाचं तरी एम-टूचं पुस्तक आण, डबल इंटिग्रलपासून सुरुवात कर. ॲडमिशनच्या पावतीच्या चार झेरॉक्स काढ. पहिल्याच दिवशी क्लास टीचरांना लेखी अर्ज दे की हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजावी, आणि त्याची पोच घे. आणि वर्गात बस, कळलं नाही तरी बस.

तिनं विचारलं, "आत्या, तुझी किती भरली होती गं हजेरी?"

फोन स्पीकरवर होता. आप्पा ओट्यावर तूर निवडत बसले होते. मी आकडा सांगायच्या आत तेच म्हणाले, "तिचं ॲडमिशन उशिरा झालं हुतं बाळा. तिची काय चूक न्हवती."

मी काही बोलले नाही.