पाय आखडले तिने

मंगळवार, रात्री साडेअकरा

सगळे झोपलेत. मी जागी आहे, आणि कारण सांगायची लाज वाटावी इतकं ते क्षुल्लक आहे. सकाळी साडेआठला दादाच्या तान्ह्या चिऊचे पाय हरळीला लागले मात्र, तिने दोन्ही गुडघे पोटाशी ओढून घेतले, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. वहिनी ओसरीवरून म्हणाली, "आत्याचं गवत नको गं बाई, म्हणतेय ती." हसत म्हणाली. आई हसली, दादा हसला, मीही हसले.

तेव्हापासून ते दोन पाय काही डोक्यातून जात नाहीत.

लोकांच्या पाच-पाच महिन्यांच्या लेकरांना अंगणात काय दाखवायचं, कशाला हात लावू द्यायचा, हे मी सांगते. पैसे घेऊन सांगते. आणि घरच्याच पोरीनं... असो. नेमकं काय चुकलं ते लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

वेळ चुकली, हे तर उघडच आहे. थंडीतली सकाळ, कृष्णेकडून आलेलं धुकं अजून बांधावर, हरळीवर दव. मी गवत तळहातानं चाचपलं आणि मला ते छान गार लागलं. आपले तळहात राबून राबून निबर झालेले असतात, त्यांचं काय ऐकायचं? बघायचं ते मनगटाच्या आतल्या बाजूनं, दुधाचा थेंब टाकून बघतो तिथे, आणि मनात दहा मोजेपर्यंत हात टेकवून ठेवायचा. तिथे गार वाटलं तर बाळाला ते झोंबणारच. या दिवसांत आमच्या अंगणात ऊन यायलाच नऊ वाजतात, गवत कोरडं व्हायला साडेनऊ.

शिवाय दादानं परवाच मशीन फिरवलंय. हरळी म्हणजे दूर्वाच. पण न कापलेल्या दूर्वेचं टोक निमुळतं आणि मऊ असतं, कापलेल्या पात्याचं टोक आडवं तुटतं आणि वाळून खरखरीत होतं. नवी पाती वर येईपर्यंत चार-पाच दिवस ते टोचतं. गणपतीला वाहतो तसली कुंडीतली दूर्वा तुळशीमागेच होती. सुचलं नाही.

तिसरी चूक मात्र माझ्या हातून व्हायला नको होती. तिला काखेत धरली, तोंड बाहेरच्या बाजूला केलं आणि सरळ खाली उतरवली. तिला ना गवत दिसलं ना माझा चेहरा. लोंबकळणारे पाय, आणि एकदम खालून काहीतरी ओलं, गार, टोचरं. कोणीही आखडले असते.

क्रम असा असतो, आधी डोळे, मग हात, पाय सगळ्यांत शेवटी. मांडीवर बसवून, पाठ आपल्या पोटाला टेकवून, दूर्वेची जुडी तिच्या डोळ्यांपासून वीतभरापेक्षा थोडी लांब धरायची, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायची. नजर मागे मागे आली की मग हाताच्या पाठीला लावायची. तळव्याला लगेच नाही, कारण तळव्यात काही ठेवलं की मूठ मिटण्याची जन्मजात सवय या वयात पुरती गेलेली नसते. मूठ मिटते, पात्यांचा चुरा होतो आणि तो चुरा क्षणात तोंडात. हाताच्या पाठीवरून फिरवलं की मूठ आपसूक सैलावते, मग तळवा. त्यानंतर पाय, तेही पाय गवतावर न्यायचा नाही, गवत पायापाशी आणायचं. टाचेपासून, पावलाच्या बाहेरच्या कडेनं, जरा दाबून. हलकं, पिसासारखं फिरवलं की गुदगुल्या होतात आणि मूल वैतागतं. दाबून टेकवलेला स्पर्श पचतो.

बोटांच्या मुळाशी, तळव्यावर दाब पडला की पायाची बोटं आखडतात. वर्षाच्या आतबाहेर होईपर्यंत ते तसंच राहतं, त्यात आवडनिवडीचा काही संबंध नसतो. हे मी किती आयांना सांगितलंय! "अहो, बोटं मिटली म्हणजे नको म्हणते असं नाही."

पण चिऊनं नुसती बोटं नव्हती आखडली. अख्खे पाय.

आणि खरं सांगायचं तर त्याआधीच तिनं मान तुळशीवृंदावनाकडे वळवली होती. मी बघितलं होतं. बाळ बोलत नाही पण त्याची एक भाषा असते, आधी नजर काढून घेतं, मग जांभई, उचकी, हाताची बोटं ताठ फाकवणं, आणि शेवटी पाठीची कमान. पहिल्या खुणेला थांबलं, अर्धा-एक मिनिट गप्प बसलं, की ते स्वतःच परत वळतं. तिसऱ्या-चौथ्या खुणेपर्यंत गेलं की रडणं ठरलेलं. मी पहिलीलाच थांबायला हवं होतं. थांबले नाही, कारण वहिनी बघत होती. जाऊ दे.

दुपारी आई म्हणाली, उगाच कोवळं ऊन चुकवलंस, सकाळीच द्यायचं असतं, त्यात ड जीवनसत्त्व असतं. वाद घातला नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असते तेव्हा ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं ती फारच थोडी पोचतात, आणि ती भरपूर असतात तेव्हाचं ऊन एवढ्याशा कातडीला झेपणारं नसतं. म्हणून तर पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. थेंब चालू आहेत तिचे. अंगणात न्यायचं ते अंगणासाठी, आणि सहा महिन्यांच्या आत थेट उन्हात नाहीच, सावलीतच. सूर्य तिच्या डोक्यामागे राहील असं निजवायचं, म्हणजे डोळ्यांवर तिरीप येत नाही.

सावली कुठली, हाही प्रश्नच आहे इथे. परसात सगळ्यांत जवळ शेवगा. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, अंगावर पडले तर गांधी उठतात. आता ते नसले तरी मला तिथे गोधडी टाकवत नाही. आंब्याखाली लाल मुंग्या. उरला कडुनिंब, आणि तोच सगळ्यांत चांगला, बारीक पानांची सावली सतत हलते आणि तिच्या दुपट्यावर नाण्याएवढे उजेडाचे ठिपके सरकतात. खाली चटई, वर दुहेरी गोधडी, नाहीतर जमिनीचा गारवा पाठीला भिनतो. गोधडी पाच मिनिटं आधी टाकून मग उलटून बघायची, मुंगी असेल तर तेवढ्या वेळात चढतेच. पाच-सात मिनिटं नुसतं पडू द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. लोकांना हेच जमत नाही. "बघ बघ, पोपट बघ" चालू होतं आणि बाळ पानं सोडून बोलणाऱ्या तोंडाकडे बघत बसतं.

मी पिशवी केलीय तिच्यासाठी, ती तरी चांगली झालीय. पिंपळाची पंधरा-वीस वाळकी पानं पुसून दोन दिवस उन्हात घातली, वीतभर पंचाच्या पिशवीत भरली आणि दुहेरी टीप मारली. नाडी नाही, बटण नाही. टाचेखाली ठेवली की लाथ मारल्यावर खसखसते. पहिल्या चार-पाच लाथा नकळत असतात, मग ती थांबते, ऐकते, आणि मुद्दाम मारते. पानं अर्धीच भरायची. ठासून भरली की आवाज मरतो. आठवड्यानं त्यांचा भुगा होतो, तेव्हा टीप उसवून बदलायची, आणि ओली झाली तर त्याच दिवशी, नाहीतर बुरशी येते.

आणखी काय चालतं? केळीच्या पानाचा तुकडा उजेडाकडे धरला की आतून हिरवा दिसतो, शिरा उमटून दिसतात. फक्त चीक दुपट्यावर पडू द्यायचा नाही, काळा डाग जन्मात जात नाही. गवती चहाचं पातं आपल्या बोटांत चुरडून तिच्यापासून हातभर लांब, दोन श्वासांपुरतं. पातं तिच्या हातात नको, कडा कापते. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत आहे ती मात्र बंद. कापरानं एवढ्या लहान मुलाला झटके येऊ शकतात. कण्हेर, रुई, शेर, घाणेरी यांच्या आसपासही न्यायचं नाही, आणि चाफ्याचं फूल कितीही गोड दिसलं तरी देठाचा चीक खाजरा असतो. बाहेर तहान लागेल म्हणून चमचाभर पाणी? नको, सहा महिने दूधच.

मी परत तिथेच येते. गार होतं, टोचरं होतं, न दाखवता लावलं, मान्य. पण दूधवाल्याच्या बाईंचं बाळ परवा त्याच अंगणात, त्याच हरळीवर अर्धा तास खिदळत होतं. तेही सकाळीच. मग माझ्याच हातात...

थांबा. मोजे!

ते बाळ अनवाणी आलं होतं. चिऊला आईनं कुंची, स्वेटर आणि ते लोकरीचे पिवळे मोजे घातले होते, रात्रीपासून. मी अंगणात बसून मोजे काढले आणि लगेच खाली ठेवलं. घामेजलेले, भट्टीतून काढल्यासारखे ऊन तळवे, आणि थेट दवावर. मोठ्या माणसानं पांघरुणातून उठून न्हाणीच्या ओल्या फरशीवर पाय ठेवावा तसं. मोजे काढून पाच मिनिटं तरी पाय हवेला सरावू द्यायचे, हे मी माझ्या प्रत्येक कागदावर छापलंय. आणि गरम आहे की गार हे हातापायांवरून नाही, मानेच्या मागे बोटं घालून बघायचं; हातपाय या वयात गारच लागतात आणि त्या भीतीनंच आज्या मोजे चढवतात. मान घामट लागली तर एक थर कमी. सकाळी मान बघितली असती तर स्वेटरच काढला असता.

म्हणजे मला एकटीलाच रात्रभर जे बोचतंय ते एक जोडी मोज्यांमुळे. हसू येतंय आता, थोडं. गवतही आत्याचं नव्हतं म्हणा, दादाचं होतं.

उद्या पुन्हा करून बघावं म्हटलं तर तेही नाही. संध्याकाळी पलीकडच्या मळ्यात उसाचं पाचट पेटवलंय, खिडकीतून वास येतोय. सकाळी अंगणभर काळी काजळी पडलेली असणार, गोधडीवर बोट फिरवलं तरी डाग. अशा दिवशी तिला घरातच. आणि परवा माझी एसटी सव्वानऊची, म्हणजे गवत कोरडं व्हायच्या आत मी स्टँडवर.

तुळशीमागची कुंडी उचलून ओसरीच्या पायरीशी ठेवलीय. मांडीवर बसवलं की तिच्या पायांच्या उंचीला बरोबर येते. सकाळी वहिनीला सांगेन, पाणी एकाआड एक दिवस, आणि कात्री अजिबात लावायची नाही.